घाणीचं वजन करणारे सावे

१४ ऑगस्ट. सावे यांचं कपाट रिकामं करायचं होतं. मालकांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "मॅडम, वो सब कचरा कल खलास करो. उधर नया आदमी बैठेगा."

मी हातमोजे चढवले, मास्क लावला आणि कुलूप उघडलं. आत झिपच्या पारदर्शक पिशव्या होत्या. साठपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. प्रत्येकीवर मार्करने इमारत, मजला, खोली, तारीख आणि खाली वजन, ग्रॅममध्ये. आत एसीच्या डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांमधून, जे निघतं ते. राखाडी लोकरीसारखा गुंता, त्यात केस, झुरळांचे पाय, पालीचं वाळलेलं शेपूट, काळ्या बुरशीचे पापुद्रे. एका पिशवीत कुणाचं तरी गुलाबी खोटं नख होतं. दुसरीत दुधाचा दात. आपण जी थंड हवा दिवसभर नाकात ओढतो ती या सगळ्यावरून वाहत येते, हे मला नऊ वर्षं माहीत आहे. तरी मास्क आणखी घट्ट केला. दोन मोठ्या काळ्या पिशव्या भरल्या, गाठी मारल्या, खाली कचऱ्याच्या कंटेनरमध्ये स्वतः नेऊन टाकल्या. हात दोनदा धुतले.

या माणसाने मला नऊ वर्षं नेमाने किळस आणली. ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि आमच्या ऑफिसात मराठी लिहिता येणारी आता मी एकटीच उरले आहे.

आमची कंपनी लहान. शारजाच्या रोल्ला भागात, मागच्या गल्लीत ऑफिस. इमारतींचे डक्ट साफ करायचे, एसी दुरुस्त करायचे आणि साफ केल्याचं सर्टिफिकेट द्यायचं. माझं काम कागदांचं. प्रत्येक अहवालाला क्रमांक द्यायचा, बदल झाला की रिव्हिजन, म्हणजे सुधारित प्रतीचा आकडा, चढवायची, यादीत ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना तो पोचवायचा. सावे साफसफाईचे सुपरवायझर. पालघरकडचे, केळव्याचे. एकतीस वर्षं इथे. सुरुवातीची फुजैराला, तेलाच्या टाक्यांजवळच्या कंट्रोल रूमचे एसी सांभाळण्यात गेली. वय बासष्ट. व्हिसा कंपनीच्या नावावर, आणि या वयात तो पुढे वाढवायचा की नाही हे मालकाच्या मर्जीवर.

किडकिडीत माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरच्या खिशात बॅटरी आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा. पँटच्या खिशात तळहाताएवढा वजनकाटा. बाकीचे लोक डक्ट उघडत, व्हॅक्यूम फिरवत आणि निघत. सावे निघालेली घाण पिशवीत भरत, तिचं वजन करत आणि अहवालात लिहीत. हातमोजे घालत नसत. चिमटीत धूळ घेऊन चोळत आणि नाकाशी नेत.

"सावेकाका, नका ना हो," मी म्हणायची.

"वास घेतल्याशिवाय बुरशी ओली की सुकी कसं कळणार, ताई? रिपोर्टात काय लिहू? अंदाजे?"

"अंदाजे" ही त्यांची शिवी होती. एखाद्या माणसाबद्दल "तो अंदाजे माणूस आहे" असं म्हणाले की त्याचा विषय संपला.

मी नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या आठवड्यात फ्रीजचं प्रकरण झालं. दुपारी मी दही काढायला गेले, शेजारी तसाच स्टीलचा डबा होता, चुकून तो उघडला. आत काळी, ओली, केसाळ वडी. वास थेट मेंदूत गेला. मी डबा टाकला आणि ओरडले. सावे शांतपणे आले, खाली बसले, वडी हाताने उचलून परत डब्यात ठेवली.

"तिसऱ्या मजल्याच्या डक्टचं अस्तर आहे, इन्सुलेशन," ते म्हणाले. "बाहेर ठेवलं तर उद्यापर्यंत बुरशी वाढते. मग वजन चुकतं."

"हा जेवणाचा फ्रीज आहे!"

"माझ्याही जेवणाचाच आहे. माझी सोलकढी त्याला चिकटून आहे. मी काही बोललो?" आणि मग, जणू माझी समजूत काढायला, "अमेरिकेचं अवकाशस्थानक होतं ना, स्कायलॅब, तिथे तर माणसांची लघवी रोज मोजून तिचे नमुने गोठवून ठेवायचे. विष्ठासुद्धा. पिशवीत घेतली, वजन केलं, वाळवली आणि खाली पृथ्वीवर परत आणली. तपासायला. फेकून नाही दिली." थोडा विचार करून म्हणाले, "त्यांचा फ्रीजर वेगळा होता, ते मात्र खरं."

मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासाठी एक जुना छोटा फ्रीज आणवला आणि तो बाल्कनीत ठेवला. मी दही घरूनच खाऊन यायला लागले.

स्कायलॅब हे त्यांचं दैवत. नुसतं स्कायलॅबच नाही, रशियनांचं सल्यूत, नंतरचं मीर, सगळी जुनी अवकाशस्थानकं. याचं मूळ एका सुकटीच्या डब्यात होतं. स्कायलॅब पडणार पडणार म्हणून एकोणऐंशीच्या जुलैत आपल्याकडे जी घबराट उडाली तेव्हा सावे सोळा वर्षांचे होते. गावात कुणीतरी छातीठोक सांगितलं की ते केळव्यावरच पडणार. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून घरोघरी सुकट, बोंबील साठवलेले. "मरायचंच आहे तर खाऊन मरू," असं सगळ्या आळीने ठरवलं. दोन दिवसांत चार महिन्यांची बेगमी संपवली. स्कायलॅब हिंदी महासागरावरून जाऊन ऑस्ट्रेलियात कोसळलं.

"आणि आम्ही जिवंत राहिलो," सावे सांगत. "नुसता भात आणि चिंचेचं पाणी. आई रोज आभाळाकडे बघून शिव्या द्यायची. मला वाटलं, आमची सुकट ज्याच्यापायी गेली त्याच्यात होतं तरी काय?"

मग ते वाचत गेले, आयुष्यभर. पण वाचलं एसीवाल्यासारखं. रॉकेट कसं उडतं यात त्यांना रस नव्हता. "अवकाशस्थानक म्हणजे काय, ताई? खिडकी न उघडणारी खोली. घाम कुठे जातो ते सांगा, मग बाकीचं बोलू." वजन नसलं की गरम हवा वर जात नाही, हे मला त्यांनी सांगितलं. पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास साचून राहतो. म्हणून तिथे पंखे सतत हवेत. आणि पंखे सतत म्हणून सुटलेली प्रत्येक वस्तू, स्क्रू, पेन, अन्नाचा कण, शेवटी हवा आत ओढणाऱ्या जाळीवर जाऊन चिकटते. स्कायलॅबवर काही हरवलं की लोक जाळीवर बघायचे. नखंसुद्धा जाळीपाशी कापायचे, म्हणजे ती डोळ्यांत जायची नाहीत.

"जाळी खोटं बोलत नाही," हे त्यांचं वाक्य. इमारतीत शिरले की आधी हवा परत जाते ती जाळी बघत आणि मग त्या घरातल्या माणसांबद्दल सांगत. कोण सिगारेट लपवून ओढतं, कुणाचे केस गळतायत, मांजर पाळायला बंदी असून कुणी पाळलंय. ऐकणाऱ्याला शरम वाटावी असं सगळं. ते मात्र पोस्टमनने पत्ता वाचावा तसं वाचत.

स्कायलॅब उडतानाच त्याचं बाहेरचं कवच फाटून गेलं होतं, ही गोष्ट ते दर ऑगस्टला सांगत. आत पारा पन्नासच्या वर. तापलेल्या इन्सुलेशनमधून विषारी वायू सुटला असेल अशी भीती. पहिली माणसं पोचली तेव्हा हवा तपासत तपासत आत गेली, आणि मग एका छोट्या झरोक्यातून बाहेर छत्री उघडून सावली केली. "छत्री, ताई! एवढं मोठं मशीन आणि वाचवलं कशाने?" पण छत्रीपेक्षा त्यांना आवडायचं ते हवा तपासणं. "घुसले नाहीत. आधी तपासलं."

चार वर्षांपूर्वी आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात मुलांपुढे कुणीतरी अवकाशावर बोलावं असं ठरलं. माझी मुलगी इरा तेव्हा अकरा वर्षांची. मी सावे यांचं नाव सुचवलं, ही माझीच चूक. पालकांना वाटलं, रॉकेट, तिरंगा, प्रेरणा वगैरे. दुबई मरीनापासून लोक आले होते. सावे इस्त्रीचा शर्ट घालून आले, खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढली, तोंडाशी गोल चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "मुलांनो, समजा तुम्हाला शी लागली आहे."

पुढची चाळीस मिनिटं शी. भिंतीवरचा संडास, हवेने ओढणं, ओढ कमी पडली तर काय. मग मीरच्या फळ्यांमागे सापडलेले गढूळ पाण्याचे तरंगते गोळे, चेंडूएवढे, आणि त्यात वळवळणारे जीव. मुलं खुर्च्यांवर उभी राहिली होती.

"अंकल, व्हॉट इफ द बॅग लीक्स?"

"लीक झाली की तरंगते. मग तिच्यामागे पळायचं."

"बट हू कॅचेस इट?"

"ज्याची त्याने. दुसऱ्याला सांगायचं नाही."

माझ्या शेजारच्या बाई पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "आम्ही दीड तास ट्रॅफिकमधून हे ऐकायला आलो?" माझ्या नजरेसमोर तो फ्रीजमधला डबा होता. नंतरच्या वडापावला कुणी हात लावला नाही. मोठ्यांनी तरी. घरी येताना गाडीत इरा म्हणाली, "ममा, ही इज सो डिस्गस्टिंग. कॅन ही कम अगेन?"

सावे राहायचे रोल्लातच, एका फ्लॅटमध्ये सहा माणसांत. बायको आणि मुलगा वसईला. एकदा व्हिसाच्या कागदावर सही घ्यायला मी गेले होते. नाक दाबायच्या तयारीने गेले, तर इतकी स्वच्छ खोली मी रोल्लात पाहिली नव्हती. बाथरूमच्या दारावर वेळापत्रक आणि खाली दीड-दीड लिटरच्या दोन बाटल्या.

"हे काय?"

"आंघोळ. माणशी तीन लिटर. स्कायलॅबवर एवढ्यातच करायचे, आठवड्यातून एकदा. कापडाचं नळकांडं वर ओढून आत उभं राहायचं. आणि अंगाला चिकटलेलं पाणी व्हॅक्यूमने ओढून काढायचं, त्यातच जीव जायचा. आम्ही चैनीत आहोत, रोज करतो."

आतून एक जण हिंदीत ओरडला, "मॅडम, इनको बोलो ना, शॅम्पू के दिन चार लिटर!"

"मोजून दाखव, मग देतो," सावे त्याला म्हणाले.

आता जुलैचं सांगते. ते सांगायचंच म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या नऊ इमारती आहेत. त्यातली एक एका कंपनीने कामगारांना राहायला घेतली आहे. खोलीत आठ जण, दोन पाळ्या. एक उठला की दुसरा त्याच जागी झोपतो, गादी कधी थंड होत नाही. अशा प्रत्येक इमारतीत एकच चूक होते. ज्याची खाट एसीच्या झरोक्याखाली तो गारठतो, मग तो झरोक्यावर पुठ्ठा लावून टेप मारतो. हवा अडते, डक्टला घाम सुटतो, आतलं अस्तर भिजतं, स्वयंपाकाची वाफ त्यात भर घालते. त्या इमारतीत हे वर्षानुवर्षं चाललेलं. माणसं खोकत होती. त्यांच्या कंपनीने तक्रार केली, इमारतीच्या मालकाने आम्हाला पाठवलं, सावे गेले.

त्यांचा अहवाल मी उघडला तेव्हा जेवून बसले होते, नको होतं. फोटोत डक्टच्या आतून काळं काहीतरी लोंबत होतं, शेवाळ्यासारखं, थेंब धरलेलं. सावे यांनी नेहमीप्रमाणे ग्रॅम लिहिले होते. शेवटी तीन ओळी. साफ करून उपयोग नाही. अस्तर पूर्ण काढून बदलावं लागेल. तोवर माणसांना दुसरीकडे हलवावं.

मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"सावेजी, ये क्या लिखा है? क्लीनिंग का कॉन्ट्रॅक्ट है, क्लीनिंग लिखो. फोटो मत लगाओ."

"साफ हुआ नहीं, तो साफ कैसे लिखूं?"

"अरे हबीबी, नौ बिल्डिंग का सवाल है. अगले साल देखेंगे ना, इन्शाल्ला."

"अगले साल तक सांस कौन से पाइप से लेंगे?"

मालक हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "आपका रिन्युअल भी इसी महीने है ना?"

सावे बाहेर आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. मी म्हटलं, "काका, करून टाका ना सही. तुम्ही नाही केलीत तर दुसरा करेल. डक्ट तसाच राहणार." हे मी म्हटलं. लिहायला हवं म्हणून लिहिते.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "स्कायलॅबवर शेवटचे तिघे गेले ना, त्यातल्या एकाला पहिल्याच दिवशी उलटी झाली. तिघांनी ठरवलं, खाली सांगायचं नाही. पिशवी कचऱ्यात ढकलून देऊ. सगळं वजन करून लिहायचं होतं, पण ही एक पिशवी नाही. आणि बोलताना विसरले की टेप चालू आहे. खालच्यांनी ऐकलं, बोलणी बसली. किती शिकलेली माणसं, ताई. एक ओकारी लपवायला बघितली." मग म्हणाले, "त्यात निदान स्वतःचीच ओकारी होती."

त्यांनी सही केली नाही. दुसऱ्या सुपरवायझरने इमारत न बघता केली. सर्टिफिकेट मी टाइप केलं, क्रमांक मी दिला, रिव्हिजन शून्य, यादीतल्या सगळ्यांना मीच पाठवलं. "सर्व डक्ट समाधानकारकरीत्या स्वच्छ." ते वाक्य टाइप करताना मला त्या डब्यातला वास आला. डबा हातातून टाकून ओरडता येतं. इथे मी फक्त सेंड दाबलं. सावे यांचा व्हिसा वाढवला नाही. त्याचेही कागद माझ्याकडूनच गेले.

चौदा तारखेला कपाट आवरून झाल्यावर दुपारी मी त्यांना शारजा विमानतळावर सोडायला गेले. दोन बॅगा होत्या. एकतीस वर्षांत माणूस जास्त जमवतो, पण विचारलं नाही. बाहेर सगळं पांढरं भाजत होतं. नॅशनल पेंट्स नावाच्या चौकाजवळ गाड्या तुंबल्या तेव्हा ते बोलले.

"माझा रिपोर्ट कुठाय?"

"माझ्या फोल्डरमध्ये."

"गेला नाही."

"नाही."

"ती माणसं तिथेच आहेत?"

"तिथेच."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता व्हिसाचं काहीतरी बोलतील. "माझं सोडा, मी वसईला जाऊन पंखे लावीन," एवढंच म्हणाले आणि माझ्या गाडीच्या एसीच्या झरोक्यात बोट घालून बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

विमानतळाच्या दाराशी त्यांनी ट्रॉली घेतली. तिचं पुढचं चाक फिरेना. दुसरी घ्यायची सोडून त्यांनी बॅगा खाली उतरवल्या, ट्रॉली वाटेतच उलटी केली आणि उकिडवे बसले. मागे लोक थांबले. गार्ड ओरडला, "यल्ला, यल्ला, मूव्ह!" सावे चाकातून काहीतरी ओढत होते. निघालं एकदाचं. केसांचा लांबच लांब गुंडा, कुणाकुणाच्या डोक्यावरचा, तेलकट, मळलेला. त्यांनी तो चिमटीत उंच धरला आणि माझ्याकडे वळले.

"बघा."

"शी, काका, टाका ते!"

त्यांनी एक क्षण तो तळहातावर तोलला, कचऱ्याच्या डब्यात टाकला, रुमालाला हात पुसले आणि बॅगा चढवून आत गेले. चाक नीट चालत होतं. मागे वळून बघितलं नाही. निरोप वगैरे म्हणायचा तर तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी ऑफिस उघडलं. मालक नऊला येतात. रजिस्टर काढलं, त्या सर्टिफिकेटच्या क्रमांकासमोर लिहिलं, रिव्हिजन एक. आधीची प्रत रद्द समजावी. कारण, जागेची पाहणी केलेल्या सुपरवायझरचा मूळ अहवाल सोबत. अहवाल जोडला, सगळे फोटो जोडले, ग्रॅमसकट. यादीत इमारतीचा मालक होता, कामगारांची कंपनी होती. नगरपालिकेच्या आरोग्य विभागाचा पत्ता मी त्यात घातला. एक एक नाव पुन्हा तपासलं आणि पाठवलं. एक प्रत छापून मालकांच्या टेबलावर ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर स्टेपलर ठेवला.

मग जागेवर येऊन माझा सीव्ही उघडला. नऊ वर्षं त्याला हात लावला नव्हता. वय बदललं आणि पुढे लिहायला लागले.